ताईंचा केसपेपर

दोन वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या ताईंचे दात मी त्या काळात एकदाच पाहिले. दातांच्याच कॉलेजात हे घडलं, म्हणून सांगताना विचित्र वाटतं. तिथे सकाळपासून माणसं तोंड उघडून बसलेली असायची आणि ताई त्यांच्यावर वाकलेल्या असायच्या. पण त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग कुणाच्याच ओळखीचा नव्हता. विभागाचं कुलूप काढताना तोंडावर मास्क असायचा आणि संध्याकाळी कुलूप लावतानाही. कानांमागे दोऱ्यांचे घट्टे पडले होते. चहा त्या साठवणीच्या खोलीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून घेत. फार हसू आलं तर डोळे मिटून घेत आणि त्यांचे खांदे हलत, एवढंच. करोना येऊन गेल्यावर मास्कचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, पण जुने लोक सांगत की ताईंचा मास्क करोनाच्या कितीतरी आधीचा आहे. आम्हाला ती स्वच्छतेची शिस्त वाटे. माझ्या बॅचमधली लासूर म्हणायची, "यांच्या तोंडात निजामाच्या काळातलं सोनं असंल. म्हणून झाकून ठेवतात."

लासूर हे तिचं नाव नव्हे. ताई कुणालाच नावाने हाक मारत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला गाव विचारलं आणि पुढे दोन वर्षं तेच चालवलं. ती लासूर स्टेशनची म्हणून लासूर, मी पिशोर, आणि एक मुलगी शहरातलीच होती तर तिला त्यांनी तिच्या राहत्या भागावरून गुलमंडी करून टाकलं. रोग्याच्या तोंडात साचलेलं पाणी नळीने ओढायचं असलं की आवाज यायचा, "ए पिशोर, पाणी ओढ. ए गुलमंडी, दिवा खाली घे." एकदा खुर्चीतले एक चाचा बराच वेळ हे ऐकत होते. चूळ भरायला उठले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही दात साफ करू राहिल्या का एसटी सोडू राहिल्या?" ताईंचे खांदे हलले. म्हणाल्या, "चाचा, जबान अंदर घ्या. गाडी सुटायची हाय."

आमचा डिप्लोमा हायजीनिस्टचा. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं काम. दातांवर साचलेलं किटण काढणं, हिरड्या तपासणं, माणसाला तोंड कसं राखायचं ते सांगणं, हे आमचं. वरच्या मजल्यावर डॉक्टर होणारी मुलं शिकत. ती जिन्यात भेटली तर आम्ही भिंतीला लागून उभ्या राहायचो. मला खरं तर मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. वडील पिशोरच्या बाजारात धान्य तोलायचं काम करतात. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की या कोर्सला नोकरी लगेच लागते. मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणणं मला तेव्हाही जमत नव्हतं. एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली, वाचनालयाचं सभासदत्व घेतलं, आणि कॉलेजातून खोलीवर, खोलीतून कॉलेजात अशी दोन वर्षं काढली. घरमालकीण चांगली होती, पण तिला माझं नाव शेवटपर्यंत नीट आठवलं नाही.

पहिले दोन महिने ताईंनी आम्हाला माणसाच्या तोंडाजवळ फिरकू दिलं नाही. त्या अंडी आणायच्या. कच्च्या अंड्यावर लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढायचा, तो सुकवायचा आणि मग स्केलर नावाच्या आकड्यासारख्या हत्याराने तो असा खरवडून काढायचा की टरफलाला चरा पडता कामा नये. अनामिका अंड्यावर टेकवायची आणि ती न हलवता हात फिरवायचा. लासूरने पहिल्याच दिवशी तीन अंडी फोडली. ताईंनी ताटली पुढे केली आणि म्हणाल्या, "हे तिन्ही पेशंट घरी घेऊन जा, कांदा घाल." माझं अंडं फुटलं नाही. ताईंनी ते उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिलं. "तुझा हात भितो," त्या म्हणाल्या. "भिऊ दे. भिणारा हात बरा असतो. पण थांबतो, ते बरं नाही." हे कौतुक आहे की नाही ते मला कळलं नव्हतं.

त्यांचा खरा कटाक्ष कागदावर होता. प्रत्येक रोग्याचा एक केसपेपर असे. त्यावर दात, हिरड्या, जीभ, टाळू, गालाची आतली बाजू असे रकाने छापलेले. काम झालं की आम्ही ते भरून ताईंपुढे ठेवायचो. त्या तर्जनी वरून खाली नेत आणि एखादा रकाना रिकामा दिसला की कागद उलटा करून परत देत. सुरुवातीला मी एकदा म्हणाले की तिथे काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "काही नसलं तर 'काही नाही' असं लिहायचं. रिकामं ठेवलं म्हणजे तू बघितलंच नाहीस. दिसलं ते लिही. वाटलं ते लिहू नको, आणि पेशंट कोण हाय ते तर बघूच नको." पुढे एकदा कॉलेजच्याच एका मोठ्या माणसाच्या हिरड्यांत पू होता. लासूरने भीतभीत 'थोडी सूज' असं लिहिलं. ताईंनी तिला चार वेळा कागद परत दिला.

रविवार मला जड जायचा. गच्चीवर ऊन, खाली घरमालकांकडे पाहुणे, आणि वाचून संपलेलं पुस्तक. एका रविवारी विसरलेली वही आणायला मी कॉलेजात गेले, तर विभागाचं दार उघडं होतं. ताई एकट्या बसून हत्यारांना धार लावत होत्या. स्केलर बोथट झाला की तो किटण काढत नाही, नुसता घासतो, म्हणून त्याला दगडावर धार द्यावी लागते. हे काम आठवड्यात कधीही झालं असतं, पण त्यांनी ते रविवारसाठी राखून ठेवलं होतं. त्यांनी मला का आलीस म्हणून विचारलं नाही. दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. पुढच्या रविवारी मी वहीचं निमित्त न करता गेले. आम्ही फारसं बोलत नसू. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. पैठणकडे भावाचं घर होतं, तिथे त्या दिवाळीला दोन दिवस जात. एवढं मला दोन वर्षांत कळलं. निघताना त्या कुलूप ओढून पाहायच्या आणि म्हणायच्या, "चल, एक रविवार सरला."

दुसऱ्या वर्षी लासूर स्टेशनला शिबिर होतं. बाजाराचा दिवस, शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या, बायकांची ही रांग. निम्म्याहून अधिक बायकांच्या हिरड्या मिशरीने काळ्या झालेल्या. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही भुकटी. माझी आई रोज सकाळी ती दातांना लावून ओट्यावर बसते, त्याशिवाय तिचा दिवस उघडत नाही. आम्ही मुली बायकांना धाक घालायचो, चित्रं दाखवायचो. ताई तसं करत नसत. त्या बाईशेजारी बसून हळू विचारायच्या, दिवसातून किती वेळा, कुठल्या बाजूला धरता, तिथे तिखट झोंबतं का. एक म्हातारी चिडली. म्हणाली, "सोडा म्हणायला काय लागतं? तुम्ही लावली व्हय कधी? लावली असती तर कळलं असतं, सुटती का नाय ते." बायका हसल्या. ताई म्हणाल्या, "सुटत नाय, आजी. मला ठाऊक हाय." मग त्या उठून ट्रे आवरायला लागल्या. तो ट्रे मी नुकताच आवरला होता.

परीक्षेला बसण्याआधी ठरलेल्या केसेस पूर्ण कराव्या लागत आणि शेवटच्या काही केसेससाठी रोगी आपणच आणायचे असत. लासूरने मावश्या, चुलत्या, गाडीभर माणसं आणली. गुलमंडीने तर शेजारच्या कापडदुकानातले नोकर ओळीने बसवले. मी घरमालकिणीला विचारलं, वाचनालयातल्या बाईंना विचारलं. दोघी आल्या. आईला पिशोरहून बोलावलं, ती आली आणि जन्मात पहिल्यांदा तोंड उघडून बसली. तरी एक केस कमी पडली. या शहरात तोंड उघड असं मी ज्याला सांगू शकेन, असं आणखी एकही माणूस मला सुचेना. कागद द्यायचा शेवटचा दिवस शनिवार होता. शुक्रवारी सगळ्या गेल्यावर मी खुर्ची पुसत उभी होते. ताईंनी दाराची कडी लावली.

"मी बसते," त्या म्हणाल्या.

त्यांनी घड्याळ काढलं, चष्मा काढून डबीत ठेवला आणि शेवटी मास्क. त्यांची हनुवटी मला वाटली होती त्याहून लहान होती. चेहरा एकदम घरगुती, कुणाच्याही आत्याचा असावा तसा. दात पांढरे, एकसारखे, स्वतः आरशात बघून निगा राखलेले. पण आरसा आत घातला आणि लवंगेच्या वासाच्या मागून दुसरा वास आला. तो मी जन्मल्यापासून ओळखत होते. उजवीकडे खाली, गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत आतली कातडी राखाडी, सुरकुतलेली होती. तिच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा, एक कड लाल. बोट लावलं तर जागा टणक लागली. तोंडाच्या कर्करोगाच्या धड्यात आम्हाला अशा चट्ट्याची चित्रं दाखवली होती. ती ताईंनीच दाखवली होती.

माझा हात थांबला. ताई वरच्या दिव्याकडे बघत होत्या. त्यांना बोलता येणं शक्य नव्हतं, माझा आरसा त्यांच्या तोंडात होता. आईला काहीतरी चोरून करताना पाहिल्यासारखी मला लाज वाटली, आणि लाज माझीच होती. मी काम पुरं केलं. त्यांनी चूळ भरली, मास्क बांधला आणि पाठ करून हात धुवायला लागल्या. "लिही," म्हणाल्या.

मी लिहिलं. दात लिहिले, हिरड्या लिहिल्या, जीभ, टाळू लिहिलं. गालाचा रकाना आला तेव्हा पेन टेकवून बसले. या कागदाची नोंद वर जाणार, डॉक्टर वाचणार, उद्या दुपारपर्यंत जिन्यातली मुलंही बोलणार. गावोगावच्या बायकांना मिशरी सोडा म्हणून सांगणारी बाई. त्यांनी आयुष्यभर जे झाकलं ते फक्त मला दाखवलं होतं. दार लावून दाखवलं होतं. मला वाटलं, मी बोलत नाही म्हणूनच माझी निवड झाली. आणि खरं सांगायचं तर त्या निवडीचा मला अभिमान वाटला. माझ्यापाशी कुणी काही ठेवायला दिलंय, असं त्या शहरात पहिल्यांदाच होत होतं.

ताईंनी कागद घेतला. तर्जनी वरून खाली आली आणि त्या रकान्यावर थांबली.

"झालं लिहून?"

"हो."

"सगळं?"

"हो, ताई."

त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी सही केली. रिकाम्या रकान्याच्या कागदावर त्यांची सही मी तेवढी एकच पाहिली. मला तेव्हा ती आमच्या दोघींमधली खूण वाटली. मी खोलीवर आले आणि त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

परीक्षा झाली, निकाल लागला, एका खासगी दवाखान्यात मला नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी ताईंनी सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याही. मी मधूनमधून जाईन असं ठरवलं होतं. गेले नाही. आठवडाभर दवाखान्यात उभं राहून रविवारी पाय दुखायचे हे खरं. पण दुसरंही खरं होतं. त्या तोंडासमोर पुन्हा उभं राहायला नको वाटायचं. मी मनाला सांगायची, त्यांनी हजारो तोंडं पाहिलीत, त्यांना माझ्यापेक्षा कळतं, त्यांनी कधीच कुणाला तरी दाखवलं असेल. असं सात-आठ महिने सांगितलं. मग एक दिवस लासूरचा फोन आला. ताईंचं ऑपरेशन झालं होतं. उजवा जबडा अर्धा काढला होता. "तुला म्हणून सांगते," लासूर म्हणाली, "तुझ्यावर लई जीव होता त्यांचा." मला ते ऐकवलं नाही.

ताई त्यानंतर वर्षभर होत्या. पैठणहून पुतणी येऊन राहिली होती. दर रविवारी मी जात होते. उपचाराने तोंड आतून सोललं होतं, ते ओल्या कापडाने पुसून घ्यावं लागे, आणि हे काम ताई पुतणीला करू देत नसत. मला करू देत. पण माझ्याशी बोलत नसत. पुतणी म्हणायची, आत्या काय म्हणतात ते तिला कळत नाही, कागद पुढे केला तर लिहीत नाहीत. मला कळलं असतं. तोंडात आरसा, नळी, बोटं असताना माणूस काय म्हणतोय ते ओळखणं हे आमच्या धंद्यात शिकावंच लागतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं. तेही त्यांना माहीत होतं. तरी त्या गप्प राहायच्या आणि मीही काही विचारत नव्हते. आम्ही रविवार नुसतेच सारत होतो.

त्या गेल्या, त्याच्या सोळा दिवस आधीची गोष्ट. मी कापड बुडवत होते आणि त्या एकदम बोलल्या. शब्द ओघळत होते, पण मला एकूणएक समजला.

"तेव्हा लिहिलं का नाय?"

मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला नको होतं.

"नकोच होतं. म्हणून तर तुझ्यापुढं बसले." त्यांनी लाळ पुसली, दम घेतला. "लासूर असती तर गावभर बोलली असती, अन् लिहिलं नसतं. मला वाटलं, तू लिहिशील. तू लिहिलं असतं तर मला डॉक्टरकडं जावंच लागलं असतं."

मी कापड पुन्हा पाण्यात बुडवलं. त्यांनी माझं मनगट धरलं. हात हलका झाला होता, कापडासारखा.

"मीबी सही केलीच की," त्या म्हणाल्या. "दोघी भ्यालो."

मग त्यांनी मान मागे टेकवली आणि जेवढं उघडता येत होतं तेवढं तोंड उघडलं. मी बॅटरी लावली. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. उजवीकडे दात नाहीत. छातीची कातडी आत लावली आहे, ती धरली आहे. डावीकडच्या हिरड्या सुजल्या आहेत. टाळू लाल आहे, पण जखम नाही. मग शिवणीपाशी आले आणि माझा आवाज थांबला. त्यांनी तोंड मिटलं नाही. मी म्हणाले, शिवणीच्या मागच्या टोकाला नवीन गाठ आहे, हरभऱ्याएवढी, टणक, आणि मानेतही एक लागते. त्यांनी मान हलवली. त्यांच्या जिभेला ती आधीच लागली असणार. या सांगण्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता. तरी माझं पूर्ण होईपर्यंत त्यांनी तोंड उघडं ठेवलं.

नंतर त्यांनी पुतणीला खुणेने जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. पुतणीने मला विचारलं, काय म्हणतात. मला सांगायला जड गेलं. "मला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको म्हणतात," मी म्हणाले.

पुतणीने भाकरी टाकली. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून एकटीच जेवले. भाकरी गरम होती, शेवग्याची भाजी होती. मधल्या दारातून ताई दिसत होत्या. पुतणी त्यांना नाकातल्या नळीवाटे डाळीचं पाणी देत होती आणि त्या माझ्या ताटाकडे बघत होत्या. मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.